'रविवर्मा' अस्सल आहे का : नजर, कागद आणि प्रयोगशाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तीन पिढ्यांपासून एक तैलचित्र आहे. दागिने घातलेली, साडीतली स्त्री आणि खाली कोपऱ्यात रोमन अक्षरांत रविवर्मांची सही. एका विक्रेत्याने फोनवर फोटो पाहून 'अस्सल' म्हटलं, दुसऱ्याने 'कॉपी' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्याने यंत्राने तपासून 'वैज्ञानिक प्रमाणपत्र' देण्याची तयारी दाखवली आहे. विश्वास कोणावर ठेवायचा?

आधी सरळ उत्तर. रासायनिक तपासणी चित्र खोटं असल्याचं सिद्ध करू शकते, खरं असल्याचं नाही. १८९० सालच्या म्हणवणाऱ्या चित्राच्या मूळ थरात १९३५ नंतर बाजारात आलेला रंग सापडला, तर विषय तिथेच संपतो, मग जाणकार कितीही मोठा असो. पण सगळे रंग १८९० मध्ये मिळणारेच निघाले, तर एवढंच कळतं की त्या काळी ते रंग विकत घेणाऱ्या असंख्य हातांपैकी एकाने हे रंगवलं, किंवा नंतरच्या कुणीतरी जुने रंग जपून वापरले. त्यातून एक नाव वेगळं काढायचं काम नजरेचं आणि कागदपत्रांचं आहे. त्यामुळे 'वैज्ञानिकदृष्ट्या अस्सल' असं प्रमाणपत्र देणाऱ्याला एक तर रसायन कळत नाही, किंवा धंदा फार चांगला कळतो.

रविवर्मांच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं. त्यांचा काळ १८४८ ते १९०६. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथल्या ओलिओग्राफांमुळे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापांमुळे, लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती घरोघरी लागल्या. त्या छापील चित्रांवरून तैलचित्रं करून देणं हा पुढे कित्येक पेंटरांचा राजरोस व्यवसाय होता. त्यात फसवणूक नव्हती. गिऱ्हाईक 'रविवर्म्याची सरस्वती' मागायचं आणि पेंटर ती करून द्यायचा. शंभर वर्षांनी अशा कॅनव्हासवर कोणीतरी सही चढवली की प्रामाणिक नकलेचं बनावट चित्र होतं. म्हणजे तुमच्यासमोरची शक्यता 'अस्सल किंवा नकली' एवढी सोपी नाही, ती निदान चार प्रकारची आहे आणि प्रत्येकीला वेगळी तपासणी लागते.

पहिली शक्यता : ओलिओग्राफच कॅनव्हासवर चिकटवून त्यावर तैलरंग फिरवलेले. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. चेहरा, आकाश आणि सावलीचे भाग यांत वरचा रंग पातळ असतो. तिथे शिळाछापाचे बारीक ठिपके दिसतात, वेगवेगळ्या रंगांचे आणि एकमेकांवर किंचित सरकलेले. ब्रशच्या रंगात ठिपके नसतात. चौकटीतून काढून कडा पाहा : कागदाचे तंतू, कापलेला समास, कधी छापखान्याच्या नावाची अर्धी ओळ. मापही घ्या. साधारण २० बाय १४ इंचांच्या आसपासचं चित्र असेल आणि रचना प्रसिद्ध छापील चित्राशी तंतोतंत जुळत असेल, तर संशय इथूनच सुरू करावा. वॉर्निशचा जाड थर दिला की ओलिओग्राफ लांबून तैलचित्रासारखाच दिसतो, तो बनवलाच त्यासाठी होता. म्हणून फोटोवरून दिलेलं मत, मग ते 'हो' असो की 'नाही', कचऱ्यात टाकावं.

दुसरी शक्यता म्हणजे छापील चित्रावरून केलेली जुनी नक्कल. प्रयोगशाळा इथे बहुधा गप्प बसते, कारण १९१० च्या पेंटरने वापरलेले रंग जवळजवळ रविवर्मांचेच होते : शिशाचा सफेदा, जस्ताचा सफेदा, कॅडमियम पिवळा, व्हिरिडियन हिरवा, कृत्रिम अल्ट्रामरीन निळा, हिंगुळाचा लाल. इथे नजरच हवी आणि ती नेमकं काय पाहते हे सांगता आलं पाहिजे. छापावरून काम करणारा पेंटर छापाचे रंग उचलतो, मूळ चित्राचे नाही. छापात रचना जिथे कापली गेली तिथेच तोही थांबतो. छपाईत सपाट झालेल्या सावल्या त्याच्याकडेही सपाटच राहतात. दागिने पाहा. सरावलेला हात मोत्याला आधी मधला रंग देतो, मग सावली, आणि शेवटी घट्ट रंगाचा एक ठिपका ठेवून पुढे जातो. उजेडाच्या दिशेप्रमाणे तो ठिपका प्रत्येक मोत्यावर जरा सरकलेला असतो. नकलाकार मोती मोजून काढतो, सगळे एकसारखे. जरीचा काठ निरीच्या आत वळताना खरोखर वळतो का, की नक्षी सरळ रेषेत पुढे जाते? बोटांची टोकं, नखं, कानाची पाळी आणि नाकपुडीची कड या जागा नकलाकार दुर्लक्षाने करतो. एकोणिसाव्या शतकात इटलीत जोव्हान्नी मोरेल्ली या कलासमीक्षकाने याच गोष्टींवर पद्धत उभी केली, आणि ती अजून उपयोगी आहे. फक्त तुलना निर्विवाद चित्रांशी हवी आणि ती प्रत्यक्ष समोर उभं राहून करायला हवी : बडोद्याचं महाराजा फत्तेसिंग संग्रहालय, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा आर्ट गॅलरी, म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा, आपल्याकडे औंधचं भवानी संग्रहालय. लिलावाच्या कॅटलॉगमधल्या छायाचित्रांवर तयार झालेली नजर छपाईचे रंग शिकते, ही अडचण नेहमीचीच.

नकलेची आणखी एक खूण चित्राच्या पोटात असते. स्वतः रचना करणारा चित्रकार मन बदलतो, हात खाली घेतो, पदर वळवतो. हे बदल एक्स-रेमध्ये दिसतात, कारण शिशाचा सफेदा क्ष-किरण अडवतो. अवरक्त छायाचित्रात कोळशाचं किंवा पेन्सिलचं रेखाटनही दिसू शकतं. एकही बदल नाही, आणि खाली चौकोनांची जाळी आखून रचना मोठी केलेली आहे, तर नकलेकडे पारडं झुकतं. सिद्ध मात्र होत नाही : मागणी असलेल्या चित्राची दुसरी प्रत चित्रकार स्वतःही करतो, आणि त्याच्या स्वतःच्या प्रतीतही बदल नसतात.

तिसरी शक्यता सर्वांत अवघड. रविवर्मांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करत होते, कित्येक चित्रांत निसर्ग आणि पार्श्वभूमी त्यांच्या हातची आहे. बहीण मंगलाबाई आणि मुलगा राम वर्मा हेही चित्रकार. एकच घर, त्याच नळ्या, तोच कॅनव्हास, तोच काळ. इथे कोणतंही यंत्र एक हात दुसऱ्यापासून वेगळा करू शकत नाही. युरोपात हाच प्रश्न सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या कार्यशाळेचा आहे. बर्लिनचं 'सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस' पिढ्यान्‌पिढ्या रेम्ब्रांटचं म्हणून गाजलं आणि १९८० च्या दशकात त्याच्या नावावरून काढलं गेलं. रंग सतराव्या शतकाचेच आहेत, हात कार्यशाळेतल्या दुसऱ्याचा मानला जातो. अशा वेळी कागद बोलतात : संस्थानांच्या दफ्तरांतल्या नोंदी, पैसे दिल्याच्या पावत्या, प्रदर्शनांच्या याद्या, आणि राजा राजा वर्मांची इंग्रजी रोजनिशी, जिच्यात बैठका, मागण्या, प्रवास यांच्या नोंदी आहेत. तुमच्या घरात चित्र कोणत्या पिढीत आलं, ती व्यक्ती तेव्हा कुठे नोकरीला होती, कोणत्या संस्थानाशी संबंध होता, हे आजच लिहून काढा. 'आजोबांना महाराजांनी दिलं' हे वाक्य पुरावा नाही, पण त्या महाराजांचं दफ्तर कुठे शोधायचं हे ते सांगतं.

चौथी शक्यता अलीकडच्या बनावटीची, आणि प्रयोगशाळेचं खरं काम इथेच आहे. रविवर्मांच्या मूळ थरात काय असूच शकत नाही? टायटॅनियम व्हाइट : चित्रकारांच्या रंगांत हा १९२० च्या सुमारास आला, आणि त्याचा रुटाइल प्रकार १९४० च्या आसपास. थॅलो हे कृत्रिम रंग : निळा १९३५ नंतरचा, हिरवा १९३८ नंतरचा. कॅडमियम लाल साधारण १९१० नंतरचा. ॲक्रिलिक इमल्शन १९५० च्या दशकातलं. कॅनव्हासच्या विणीत पॉलिस्टरचा धागा निघाला तर पुढे जायचीही गरज नाही, फक्त तो धागा मूळ कापडाचा आहे की नंतर मागून लावलेल्या अस्तराचा, एवढं पाहावं.

आता यंत्रं कुठे फसतात ते सांगायला हवं, कारण 'वैज्ञानिक प्रमाणपत्र' बहुधा हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राच्या (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) एका छापील आलेखावर उभं असतं. हे यंत्र मूलद्रव्यं सांगतं, रंगद्रव्य नाही. नमुना काढावा लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण किरण वरच्या थरापासून कॅनव्हासपर्यंत सगळं एकत्र वाचतात : वॉर्निश, डागडुजी, रंग, ग्राउंड (कॅनव्हासवरचा रंगाखालचा तयारीचा थर), मागची खिळ्यांची पट्टीसुद्धा. त्यात एक सापळा दरवेळी भेटतो. टायटॅनियमची मुख्य रेषा ४.५१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर असते आणि बेरियमची एक रेषा ४.४७ वर. यंत्राला त्या दोन वेगळ्या दिसत नाहीत. बेरियम सल्फेट एकोणिसाव्या शतकातल्या ग्राउंडमध्ये आणि स्वस्त रंगांत भरण म्हणून सर्रास असे, लिथोपोन या स्वस्त सफेद्यातही असे. म्हणजे पूर्ण निर्दोष जुन्या चित्रावर सॉफ्टवेअर खुशाल 'टायटॅनियम' छापून देतं. उपाय आहे : यंत्राच्या क्ष-किरण नळीला ४५ ते ५० किलोव्होल्ट देऊन ३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळची बेरियमची दुसरी रेषा पाहायची. ती ठळक असेल तर आधीच्या शिखरावर विश्वास ठेवायचा नाही, रामन चाचणीने, म्हणजे लेझरच्या उजेडाने रंगद्रव्य ओळखून, खात्री करायची. टायटॅनियम व्हाइटचे दोन प्रकार रामनच्या आलेखात स्पष्ट दिसतात : ॲनाटेस १४४ वर आणि रुटाइल ४४७ व ६१२ वर. अहवालात नळीचा व्होल्टेज, मोजणीची वेळ आणि प्रत्येक बिंदूची जागा दाखवणारा फोटो नसेल, तर तो अहवाल कोणालाही तपासता येत नाही.

आणि टायटॅनियम खरोखर निघालं, तरी पुढचा प्रश्न उरतोच : कोणत्या थरात? आपल्याकडच्या दमट हवेत शंभर वर्षं टिकलेल्या चित्रावर एखाद्या तरी पेंटरने रंग फिरवलेला असतोच. म्हणून यंत्राच्या आधी अतिनील दिवा. दिवा ३६५ नॅनोमीटरचा हवा. बाजारातले स्वस्त ३९५ वाले टॉर्च इतका जांभळा उजेड टाकतात की खरी चमक त्यात बुडून जाते. खोली पूर्ण अंधारी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. जुनं राळेचं वॉर्निश हिरवट-पिवळं चमकतं, नंतरची डागडुजी काळसर ठिगळांसारखी दिसते, जस्ताचा सफेदा पिवळसर उजळतो, टायटॅनियम काळपट जांभळा राहतो. याच वेळी सही पाहा. वॉर्निशच्या हिरवट थरावर ती काळी तरंगत असेल, तर नंतर केलेली आहे. मग वीस ते चाळीसपट मोठं करून भेगा पाहा : भेगेने सही चिरली गेली असेल तर सही रंगाइतकी जुनी, सहीचा रंग भेगेत उतरला असेल तर भेग आधीची. पुसट झालेली खरी सही कोणीतरी भाबडेपणाने गिरवल्याची उदाहरणंही असतात, तेव्हा वरच्या रेषेखाली जुन्या रंगाचे तुकडे आहेत का तेही बघावं लागतं.

डागडुजी कुठे आहे हे दिव्याखाली कळल्यावरच नमुना. जागा अशी, जिथे दिव्याखाली डागडुजी नाही : आधीच उडालेल्या रंगाची कड, मोठी भेग, चौकटीखाली झाकलेली पट्टी. तुकडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान पुरतो, पण ग्राउंडपासून वॉर्निशपर्यंत सगळे थर त्यात हवेत. तो पारदर्शक रेझिनमध्ये बसवून, आडवा घासून, सूक्ष्मदर्शकाखाली साध्या आणि अतिनील उजेडात पाहतात. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने थरागणिक मूलद्रव्यं. नीट निवडलेले चार-सहा नमुने वीस आंधळ्या नमुन्यांहून जास्त सांगतात. मूळ वॉर्निशच्या खाली, ओल्या रंगात मिसळलेलं टायटॅनियम दिसलं तर सुटका नाही. वॉर्निशच्या वर दिसलं तर ती फक्त डागडुजी. आयआयटीसारख्या ठिकाणी अशी यंत्रं बाहेरच्यांनाही वापरता येतात, पण चित्रांचे थर वाचणारा माणूस बरोबर नसेल तर हाती फक्त आलेख येतात.

जर्मन बनावट चित्रकार वोल्फगांग बेलट्राकीचं प्रकरण इथे आठवतंच. जर्मन चित्रकार हाइनरिश काम्पेनडोंकचं १९१४ सालचं म्हणून २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात २८ लाख युरोंहून जास्त किमतीला गेलेलं 'घोड्यांसह लाल चित्र' टायटॅनियम व्हाइटवर अडकलं. बेलट्राकीच्या सांगण्यानुसार नळीवर जस्ताचा सफेदा लिहिलेलं होतं, टायटॅनियमचा उल्लेखच नव्हता. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने जुने कॅनव्हास वापरले, मागे नावाजलेल्या संग्राहकाची खोटी लेबलं लावली, बायकोला जुन्या वेशात बसवून 'आजीचा' फोटो काढला. माक्स अर्न्स्टच्या नावाची त्याची चित्रं पहिल्या फळीच्या अभ्यासकाने मान्य केली होती. म्हणजे कागद बनवता येतात, नजरही फसते. यंत्राने पकडलं, पण प्रयोगशाळेकडे जायची वेळ आली ती चित्राबद्दल आधी शंका आली म्हणून.

नजर का फसते, याचं उत्तर हान व्हान मेगेरेन या डच बनावट चित्रकाराकडे आहे. १९३७ मध्ये त्याने 'एमाऊसचं भोजन' हे चित्र सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या नावाने पुढे केलं. आब्राहाम ब्रेडियस हे त्या विषयातले अधिकारी, वय ८२. व्हर्मीरने इटालियन प्रभावाखाली धार्मिक चित्रंही काढली असावीत, अशी कल्पना जाणकारांत होतीच. मेगेरेनने नेमकं तेच रंगवलं. त्याने व्हर्मीरची नक्कल केली नाही, तज्ज्ञाच्या सिद्धांताची केली. तांत्रिक बाजू अशी : सतराव्या शतकाचा कॅनव्हास घासून घेतला, रंगात तेलाऐवजी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ मिसळली, साधारण १०० ते १२० अंशांवर भाजलं, गुंडाळून भेगा पाडल्या, भेगांत शाई भरली. ताजा तैलरंग अल्कोहोलने विरघळतो, हा विरघळला नाही, आणि त्या काळची नेहमीची चाचणी पार पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल कोरेमान्स या बेल्जियन तज्ज्ञाच्या समितीने ती राळ शोधली, एका चित्रात एकोणिसाव्या शतकातला कोबाल्ट निळाही सापडला. आज ती चित्रं पाहिली की चेहरे १९३० च्या दशकातले वाटतात. तेव्हा ते कोणाला दिसलं नाही, कारण पाहणारेही त्याच दशकातले होते.

म्हणून जाणकाराला विचारायचे प्रश्न साधे आहेत. चित्र प्रत्यक्ष पाहिलं का, चौकटीबाहेर, मागून, दिव्याखाली? कोणत्या निर्विवाद चित्रांशी तुलना केली, आणि कोणत्या तपशिलांत? चित्र विकलं गेल्यास त्याला दलाली मिळणार आहे का? मत लिहून आणि कारणं देऊन देणार का? 'मला जाणवतं' हे मत चालेल, पण शोधाची सुरुवात म्हणून. अनुभवी माणसाची अस्वस्थता बहुतेक वेळा कशावर तरी आधारलेली असते, ते 'कशावर तरी' शब्दांत येईपर्यंत त्याला बसवून ठेवावं. अमुक बोटं खटकली, अमुक निळा जास्त थंड वाटला, असं एकदा लिहिलं की प्रयोगशाळेला नेमका प्रश्न मिळतो : हा निळा कोणता? 'चित्र खरं आहे का' हा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत गेलात तर उत्तर महाग आणि निरुपयोगी येतं.

चित्र आधुनिक असतं, समजा रझा, सूझा किंवा हुसेन यांचं, तर हिशोब बदलतो. १९७० च्या चित्रात टायटॅनियम, थॅलो सगळं असणारच, रंगांवरून काही अडत नाही. रझा १९५० च्या दशकात तैलरंगांत काम करत, ॲक्रिलिककडे ते नंतर वळले, त्यामुळे १९५५ च्या 'रझा'मध्ये एफटीआयआरने (अवरक्त किरणांनी रंगातला बांधणारा पदार्थ ओळखणारी चाचणी) ॲक्रिलिक दाखवलं तर संपलं. कागदावरच्या रेखाटनांना अतिनील दिवा दाखवावा. साधारण १९५० नंतरच्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात आणि कागद निळा-पांढरा झगझगतो. सूझाच्या १९४७ च्या 'रेखाटना'ला तेवढं पुरतं. कार्बन-१४ बद्दल फार गैरसमज आहेत. अणुचाचण्यांमुळे १९५५ पासून हवेतला कार्बन-१४ वाढला, १९६० च्या दशकाच्या मध्याला जवळजवळ दुप्पट झाला आणि मग उतरत गेला. जवसाचं तेल आणि कापूस ज्या वर्षी पिकले त्या वर्षाचा ठसा त्यांत राहतो. झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठात २०१९ साली एकोणिसाव्या शतकातलं म्हणवणारं बनावट चित्र याच मार्गाने, रंगातल्या तेलावरून पकडलं. तेल तपासायचं ते यासाठी की कॅनव्हास जुना मिळतो. अडचणी तीन : प्रत्येक मोजमापाला कार्बन-१४ च्या या वक्राच्या चढावर एक आणि उतारावर एक अशी दोन वर्षं मिळतात. ॲक्रिलिक खनिज तेलापासून होतं, त्यात कार्बन-१४ नसतोच, त्यामुळे निकाल हजारो वर्षं जुना येतो. आणि इंधन जाळण्यामुळे आजची हवा पुन्हा १९५० च्या पातळीजवळ आली आहे, म्हणजे यंदा पिकलेल्या जवसाचं तेल या चाचणीत जुनं भासू शकतं.

नजर, कागद आणि रसायन तिन्ही एका रेषेत आले की काय होतं ते ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमने २०१३ मध्ये दाखवलं. 'मोंमाजूरचा सूर्यास्त' या चित्राला त्याच म्युझियमने १९९१ मध्ये नाकारलं होतं, सही नव्हती. नंतर रंगद्रव्यं आणि कॅनव्हास व्हॅन गॉगच्या फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या इतर कामांशी जुळले, ४ जुलै १८८८ च्या सुमारच्या पत्रात त्या जागेचं आणि चित्राचं वर्णन मिळालं, आणि मागचा १८० हा आकडा त्याचा भाऊ थिओ याच्या संग्रहाच्या यादीत सापडला. तो आकडाही वजनदार पुरावा होता.

त्यामुळे तुमच्या चित्राचं आज काय करायचं : पुसू नका, मागची कागदी पट्टी, खिळे, फ्रेमवाल्याचं लेबल काढू नका, नवीन स्ट्रेचरवर चढवू नका. मागची बाजू आणि कडा तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा. भिंगाने ठिपके शोधा. ठिपके नसले तर स्वतंत्र संवर्धकाकडून दिवा आणि सूक्ष्मदर्शक, मग जाणकाराचं लेखी मत, मग त्या मतातून निघालेल्या प्रश्नापुरते नमुने. रविवर्मांची चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत, सरकारी परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा मूळ चित्र परदेशी प्रयोगशाळेत पाठवण्याची कल्पना कोणी पुढे केली तर आधी कायदा विचारा. आणि नजर 'नाही' म्हणाली, रसायन गप्प बसलं, कागद सापडले नाहीत, तर नोंद अशी करा : 'रविवर्मांच्या रचनेवरून, विसाव्या शतकाचा आरंभ, चित्रकार अज्ञात, सही नंतरची असण्याची शक्यता.' विम्यालाही हेच वर्णन द्या, आणि उद्या एखादी पावती सापडली तर नोंद बदलता येते.